रिपोर्ट त्याचा, सुया मला आणि गप्प दोघंही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत मूल न होणाऱ्या जोडप्यांवर लेख आला होता. लेख चांगला होता, तपासण्या कुठल्या, खर्च किती, सगळं सोप्या भाषेत होतं, पण सोबतचा फोटो बघून मी पेपर खाली ठेवला. खिडकीपाशी एकटी बसलेली बाई आणि तिचा पोटावर हात. लेखाचा शेवट काय तर स्त्रियांनी या काळात ताण घेऊ नये, मन प्रसन्न ठेवावं. नवरा कुठेच नाही, त्याची तपासणी एका ओळीत उरकलेली. म्हणून लिहायला बसले. पत्र लांबलंय, काटछाट केलीत तरी चालेल पण नवऱ्याबद्दलचं तेवढं ठेवा.

आम्ही मानपाड्याला राहतो, सासूबाई नौपाड्यात जुन्या घरी. माझं ऑफिस ऐरोलीला, ह्याचं तुर्भ्याला, त्यामुळे सकाळची पनवेल लाइनची गाडी बरेचदा एकच. लग्न २०१५ चं. दोन वर्षं आम्हीच थांबलो होतो कारण फ्लॅटचा हप्ता नुकता सुरू झाला होता, २०१७ पासून प्रयत्न सुरू केले आणि वर्ष उलटलं तरी काही नाही म्हटल्यावर डॉक्टरांकडे गेलो. बारा महिने प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर तपासून घ्यावं असंच सगळीकडे सांगतात, जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्याही बारा महिन्यांचीच आहे. आता बघा, पुढचे आठ महिने सगळ्या तपासण्या माझ्याच झाल्या. एएमएच म्हणजे बीजांडांचा साठा सांगणारी रक्ततपासणी, थायरॉइड, सोनोग्राफ्या, आणि ती एचएसजी, ज्यात नळ्या मोकळ्या आहेत का बघायला औषध आत सोडून एक्स-रे काढतात आणि कळ अशी येते की टेबलाची कड धरून ठेवावी लागते. सगळं नॉर्मल. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की नवऱ्याची वीर्याची तपासणी राहिलीच आहे, जिला ना सुई ना भूल. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचं काही ना काही कारण असतं, कधी एकटं तर कधी बाईच्या कारणाबरोबर, आणि तरी सुरुवात बाईपासूनच होते.

त्या तपासणीची खोली म्हणजे टॉयलेटला लागून एक कोंदट जागा, बाहेर माणसं बसलेली, रिसेप्शनवरून नाव मोठ्याने पुकारणार. ह्याला तिथे जमलं नाही. दोनदा जाऊन परत आला आणि दोन्ही वेळा घरी आल्यावर माझ्याशी बोलला नाही. मग घरून न्यायचं ठरलं. नमुना तासाच्या आत लॅबला पोचायला हवा आणि गार होऊ द्यायचा नाही, म्हणून डबी शर्टाच्या आतल्या खिशात अंगाला चिकटवून हा स्कूटरवर निघाला आणि कापूरबावडीला ट्रेलरच्या रांगेत अडकला. तिथून बाजूला उभं राहून मला फोन केला, "बावन्न मिनिटं झाली गं." एवढंच. मी ऐरोली स्टेशनच्या जिन्यावर होते आणि काय बोलायचं हेच मला सुचलं नाही.

रिपोर्ट नोव्हेंबर २०१८ चा. काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, मिलीलिटरला ४० लाख. नॉर्मलची खालची मर्यादा तेव्हा दीड कोटी धरायचे, २०२१ पासून १ कोटी ६० लाख धरतात. हालचालही कमी. डॉक्टरांनी चार मिनिटांत समजावलं, गोळ्या लिहून दिल्या, सिगरेट बंद म्हणाले, तीन महिन्यांनी परत तपासू म्हणाले कारण शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिने जातात. आणि हे सगळं माझ्याकडे बघून. रिपोर्टचा कागद पण माझ्याकडे सरकवला. हा शेजारी बसलेला, त्याला कोणी विचारलं नाही की तुम्हाला कळलं का, काही विचारायचंय का.

परत येताना तलावपाळीला कठड्यावर बसलो. हा म्हणाला, आईला नको सांगूस. मी म्हणाले, नाही सांगत, माझ्यात काहीतरी आहे असं सांगू. मीच म्हणाले हो, त्याने मागितलं नव्हतं. प्रेमानेच म्हणाले होते आणि त्या क्षणी मला फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटलं होतं.

त्या एका वाक्याने आमची चार वर्षं खाल्ली.

सासूबाई वाईट नाहीत, हे आधी सांगते. पण सुनेच्या गर्भाशयात काहीतरी आहे म्हटल्यावर त्यांनी त्यांना जे येत होतं ते केलं. शतावरी कल्पाचे डबे आले, मंगळवारचे उपास आले, कोपिनेश्वराला नवस झाला, प्रत्येक हळदीकुंकवाला माझी ओटी भरताना नारळ जरा जास्त वेळ हातात धरून ठेवायच्या. काकूसासूबाई तर सरळ म्हणायच्या, आमच्या घराण्यात असं कोणाचं नव्हतं हो. हे सगळं चालू असताना हा ताटातला भात चिवडत बसायचा. कोणी मला बोललं की तो आणखी आत आत जायचा, मला राग यायचा की हा तोंड का उघडत नाही, आणि राग आला की लगेच अपराधी वाटायचं कारण गप्प राहायची सोय मीच करून दिली होती. रात्री आम्ही वीज बिल, दूध, मेड येणार की नाही एवढंच बोलायचो.

तीन आययूआय झाल्या, म्हणजे शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडतात ते, मग २०२० ला लॉकडाऊन, क्लिनिक बंद. २०२१ मध्ये पहिलं आयव्हीएफ, म्हणजे बीजांडं बाहेर काढून लॅबमध्ये गर्भ तयार करतात ते, आणि काउंट कमी म्हणून त्यात इक्सी. इक्सी म्हणजे लॅबमध्ये एकेका बीजांडात एकच शुक्राणू सुईने सोडतात. १९९२ साली ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी हे जगासमोर आणलं आणि काउंट कमी असलेल्या किती बापांचं भलं झालं. मी त्याला नावं ठेवत नाहीये. पण त्यातली एक गोष्ट कोणी बोलत नाही. दोष पुरुषाच्या रिपोर्टमध्ये असला तरी उपचार होतो बाईच्या शरीरावर. बीजांडं जास्त तयार व्हायला दहा-अकरा दिवस रोज पोटात इंजेक्शन, एक दिवसाआड सोनोग्राफी, मग ठरलेल्या मिनिटाला बीजांडं पक्व करणारं ट्रिगरचं इंजेक्शन, त्यानंतर साधारण ३६ तासांनी भूल देऊन बीजांडं काढणार, आणि गर्भ आत सोडल्यावर प्रोजेस्टेरॉनची ती तेलातली इंजेक्शनं, ज्यांनी कमरेखाली गाठी होतात. आमच्या फ्रिजच्या दारात दह्याच्या भांड्याशेजारी इंजेक्शनचा खोका असायचा. नर्सकडून हा शिकून आला होता, रात्री आठला मोबाइलचा अलार्म वाजला की हात धुऊन यायचा. पहिल्या दिवशी त्याचा हात एवढा थरथरत होता की मी म्हणाले दे इकडे, मी घेते, तर नाही म्हणाला. रोज त्यानेच दिलं. एक शब्द न बोलता.

मला वाटायचं ह्याला काही वाटत नाही.

पहिल्या वेळचा बीटा एचसीजीचा, म्हणजे दिवस राहिले का ते सांगणारा रक्ताचा रिपोर्ट मला ऑफिसमध्ये फोनवर कळला, दुपारी चार वाजता, मीटिंग रूमच्या बाहेर. फोनवरची मुलगी म्हणाली, मॅम निगेटिव्ह आहे, औषधं बंद करा, आणि पुढची अपॉइंटमेंट कधीची देऊ. संध्याकाळी घरी आले तर हा लॅपटॉप उघडून बसलेला, पुढच्या सायकलचा, म्हणजे आयव्हीएफच्या पुढच्या फेरीचा खर्च, सुट्ट्या, तारखा एक्सेलमध्ये मांडत. मी त्या रात्री जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मला रडायचं होतं, त्याला पुढचं ठरवायचं होतं. मला वाटलं हा माणूस दगड आहे, त्याला वाटलं मी त्याला दोष देतेय. ठाणे स्टेशनच्या पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून तो पाऊण तास रडून आला होता हे मला दीड वर्षाने कळलं.

दुसरी सायकल २०२२ ची. तिचाही निगेटिव्ह रिपोर्ट आला त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या भावाच्या मुलीचं बारसं होतं. मी आत्या. नाव कानात मीच सांगायचं. तिथल्या एक बाई हळू आवाजात म्हणाल्या की हिच्याऐवजी चुलत आत्याला बसवा ना, आणि मी ऐकलं, ह्याने पण ऐकलं. माझी वहिनी तशी गरीब, कधी आवाज चढवत नाही, पण तिने बाळ उचललं आणि सरळ माझ्या मांडीवर दिलं. मी कुर्र केलं, नाव सांगितलं, बायकांनी रीतीप्रमाणे पाठीत धपाटे घातले, सगळे हसले, मीपण हसले. मान वर केली तर हा दारात उभा होता आणि चपला घालून खाली निघून गेला. जेवायलाही आला नाही. माहेरच्यांना वाटलं जावई रुसले.

त्यानंतर आम्ही घरात दोन भाडेकरूंसारखे राहायला लागलो होतो, सांगायला लाज वाटते पण वेगळं व्हायचा विषयही निघाला होता.

आता ताण घेऊ नका या सल्ल्याबद्दल. हा सल्ला मी शेजारणीपासून सोनोग्राफीच्या ताईंपर्यंत सगळ्यांकडून ऐकलाय. टेन्शन घेतेस म्हणून राहत नाही. याचा अर्थ असा होतो की निगेटिव्ह आलं तर तेही तुझ्याच मनामुळे, म्हणजे काउंट त्याचा, सुया मला आणि ठपकाही मलाच. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १४ अभ्यास एकत्र करून, त्यातल्या ३,५८३ बायकांची माहिती तपासून लिहिलंय की उपचाराआधीच्या मानसिक ताणाचा आणि त्या सायकलमध्ये दिवस राहण्या न राहण्याचा संबंध दिसत नाही. हे वाचलं त्या दिवशी मी ऑफिसच्या वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले, इतकं हलकं वाटलं. रडलीस म्हणून गेलं नाही, एवढं एक वाक्य कोणीतरी मला २०२१ मध्येच सांगायला हवं होतं. ताणासाठी मदत नक्की घ्यावी, पण ती माणूस म्हणून जगणं सोसावं म्हणून, बाळ राहावं म्हणून नव्हे.

आणि ती मदत देणं हे कायद्यातच आहे हो. सहायक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा २०२१ चा, २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात क्लिनिकने जोडप्याचं व्यावसायिक समुपदेशन करायचं, यश यायची शक्यता किती, खर्च, दुष्परिणाम, धोके सगळं समजावून सांगायचं असं लिहिलंय. आयव्हीएफ करणाऱ्या क्लिनिकमध्ये समुपदेशक असायला हवा असंही नियमात आहे. आमच्या क्लिनिकमध्ये काउन्सेलिंग अशी पाटी लावलेली खोली होती. आत एक हसतमुख मुलगी तीन पॅकेजं आणि ईएमआयचा तक्ता दाखवायची, आणि तीन सायकलचं एकदम घेतलं तर सूट. मेडिक्लेममध्ये हे उपचार बहुतेक वगळलेलेच असतात त्यामुळे तो तक्ता बघावाच लागतो, आमचे एकूण साडेसहा लाख गेले. पण त्याला समुपदेशन म्हणू नका. आम्ही दोघांनी त्या कायद्याच्या कागदावर सह्या केल्या असतील, नक्की केल्याच असतील, सह्यांचा गठ्ठाच असतो.

खरं समुपदेशन आम्हाला बाहेर मिळालं. बारशानंतर माझ्या वहिनीनेच विषय काढला. ठाण्यात तसं मानसिक आरोग्याचं वावडं असायचं कारण नाही, आयपीएचसारखी संस्था इथे १९९० पासून काम करतेय, तरी काउन्सेलरकडे जायचं म्हटल्यावर हा म्हणाला, मी काय वेडा आहे का. मी म्हणाले, मी जाणार आहे, तू नुसता सोबत चल. जिना चढून वर आला तेवढंच मला खूप झालं होतं.

त्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं, मग ह्याच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, तुमचं सांगा. त्याने सवयीने सांगायला सुरुवात केली की हिला फार त्रास झालाय. त्या म्हणाल्या, तिचं तिने सांगितलं, तुमचं सांगा. आणि माझा नवरा कितीतरी वेळ काहीच बोलू शकला नाही. पाच वर्षांत त्याला पहिल्यांदा कोणी विचारलं होतं. मग म्हणाला, ती झोपली की मी मोबाइलचा उजेड करून तिच्या पोटावरचे निळे डाग मोजायचो. हे माझ्यामुळे आहेत आणि लोक तिलाच बोलतात आणि मी ऐकून घेतो.

मी त्याच्या शेजारी झोपत होते आणि मला हे माहीत नव्हतं.

पुढे त्यांनी जे सांगितलं ते ऐकायला साधं आहे. या विषयावर रोज वीस मिनिटंच बोलायचं, घड्याळ लावून, आणि वीस मिनिटं झाली की थांबायचं. मला वाटलं वीस मिनिटांत काय होतंय, पण ज्या माणसाला हा विषय निघाला की रात्र संपणार नाही अशी भीती असते, त्याला शेवट दिसला की तो बोलतो. आमचं जेवणानंतर ठरलेलं असायचं, गॅलरीत. दुसरं म्हणजे किती सायकल आणि किती पैसे हे सुरू करायच्या आधी ठरवायचं, निगेटिव्ह आलेल्या रात्री ठरवायचं नाही. आम्ही तीन म्हणून ठरवलं. तिसरी आणि शेवटची २०२३ मध्ये झाली, दिवस राहिले, आणि आठव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोका दिसला नाही. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. फक्त एवढं की तेव्हा हा बाहेर थांबला नव्हता, आत माझ्या उशाशी होता, आणि घरी आल्यावर दोघं एकत्र रडलो. त्या रात्री एक्सेल नव्हतं.

त्या तिसऱ्या सायकलच्या आधीच एका रविवारी हा एकटा नौपाड्याला गेला आणि आईला खरं सांगून आला. मी सोबत येऊ का विचारलं तर नको म्हणाला. रात्री सासूबाईंचा फोन आला, बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता, मग म्हणाल्या, "अगं, मला चार वर्षं काहीबाही बोलू कशी दिलीस?" त्या आठवड्यात बसने मानपाड्याला आल्या, स्वयंपाकघरातला शतावरीचा डबा पिशवीत घातला, वाया कशाला घालवायचा म्हणाल्या, आणि घरी नेऊन स्वतः दुधातून घेऊन संपवला. मुलाच्या पाठीवरून हात फिरवला फक्त. काकूसासूबाईंचं बोलणं त्यानंतर माझ्यापर्यंत आलेलं नाही, मधेच कुठेतरी थांबवलं जातं.

सगळ्या जोडप्यांनी आपले रिपोर्ट घरात वाचून दाखवावेत असं मी म्हणत नाही, कोणाला सांगायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. पण बायकोने ते आपल्या अंगावर घेऊ नये आणि नवऱ्याने घेऊ देऊ नये, हे मी अगदी पोटतिडकीने सांगतेय, कारण माझ्या ओळखीत आणखी दोघी आहेत ज्या आत्ता हेच करताहेत. क्लिनिकवाल्यांनाही एवढंच मागणं आहे की पहिल्याच दिवशी दोघांच्या तपासण्या लिहून द्या, खुर्चीतल्या दोघांकडे बघून बोला, आणि बीटाचा रिपोर्ट फोनवर सांगायचा असेल तर आधी विचारा किती वाजता करू आणि दोघं एकत्र असाल का. याला पैसे लागत नाहीत. ज्यांना काउन्सेलरची फी परवडत नाही त्यांनी सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करून बघावा, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

मी १९८६ सालची. त्याच वर्षी ६ ऑगस्टला केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हाताखाली टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आलं होतं, म्हणजे हे तंत्र आपल्या मुंबईत माझ्याच वयाचं आहे. एवढ्या वर्षांत सुया बारीक झाल्या, लॅब चकाचक झाल्या, आणि जोडप्यातल्या पुरुषाने अजून सॅम्पल द्यायचं आणि बाहेर पार्किंग बघायचं एवढंच.

आता आम्ही उपचार थांबवलेत. दत्तकासाठी नोंदणी केलीय, वाट बघतोय, ती वाट वेगळी आहे आणि त्यावर वेगळं पत्र लिहीन. तुम्ही पुन्हा या विषयावर लेख छापाल तेव्हा एकच करा, फोटोत त्या बाईच्या शेजारी तिच्या नवऱ्याला बसवा.

हे पत्र ह्याने वाचलंय. काउंटचा आकडा लिहू का विचारलं तर म्हणाला लिही, नाव छापणार नाहीत ना मग लिही. एकच दुरुस्ती सांगितली, बावन्न नाही, चोपन्न मिनिटं झाली होती. मी ती केली नाही कारण फोनवर मला बावन्नच ऐकू आलं होतं.

कृपया नाव छापू नये.

आपली,
एक वाचक
मानपाडा, ठाणे